दहावा फोटो

सुमनकाकू, काकांची लेक-जावई, बाजारातले सगळे दुकानदार, आणि नदीपलीकडच्या कारध्याहून पूल ओलांडून आलेली माझी माणसं. मी वैशाली. शाळेत चित्रकला शिकवते, बोलायची सवय आहे. मुरलीकाकांना जाऊन पाच दिवस झाले. दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत. मला जे सांगायचं आहे ते माझ्या एका चुकीबद्दल आहे. काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "सांग, बाई. त्याईनंबी लपवलं नसतं."

काका भांड्यांवर नावं घालायचे. लग्नात दिलेला पाण्याचा गुंड असो की भाताचा गंज, त्यावरचं नाव काकांनीच ठोकलेलं. नवी छिन्नी केली की ते आधी एका पितळी पत्र्यावर चालवून बघायचे. ठिपके, रेघा, अर्धी अक्षरं. जन्मभर तोच पत्रा. दुकानात मागच्या भिंतीवर टांगलेला असायचा. त्याच्याकडे कोणी बघत नसे. मी शाळेत शिकत असल्यापासून बघत होते.

मागच्या वर्षी एका मोठ्या चित्रकार बाईंनी अर्ज मागवले. त्या अमूर्त चित्रं काढतात. त्यांच्याजवळ महिनाभर राहून काम करायचं, त्याला रेसिडेन्सी म्हणतात. अर्जाला स्वतःच्या कामाचे दहा फोटो हवे होते. माझी नऊ चित्रं बरी होती. दहावं जमेना. मी काकांना म्हटलं, "काका, या पत्र्याचा फोटो काढू का? माझी नजर कशी तयार झाली ते दाखवायला."

काका काय म्हणाले असतील? "काढ न! पण नाव?"

आणि मी थांबा म्हणायच्या आत त्यांनी कोपऱ्यात माझं नाव घातलं. त्यांच्या हिशोबानं बरोबरच होतं. वस्तू ज्याच्या घरी जाते, नाव त्याचं. करणाऱ्याचं नाव भांड्यावर कधी पाहिलंय कोणी?

मी फोटो पाठवला. खाली एक ओळ लिहायची होती, हे काम कोणाचं. ती मी लिहिली नाही. विसरले नव्हते, मंडळी. लिहिली नाही.

निवड झाली. बाईंनी पत्रात नऊ चित्रांबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या आणि पत्र्याबद्दल अख्खा परिच्छेद. "तुमच्या हाताला घाई नाही," असं लिहिलं होतं. माझ्या हाताला! काकांनी येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं, आपली वैशाली सिलेक्ट झाली म्हणून. लोक पेढे मागत होते आणि मी दुकानाच्या वाटेनं जायचं टाळत होते.

शेवटी एका सोमवारी भरदुपारी दुकानात गेले आणि सगळं सांगून टाकलं. वाटलं, काका हसण्यावारी नेतील. नाही नेलं. छिन्नी खाली ठेवली.

"नाव म्या घातलं," म्हणाले. "पण चूप तू राह्यली. काहून?"

मी रडायला लागले.

"रडून कायले राह्यली? लिव त्या बाईले. आत्ता लिव, माह्या समोर."

दुकानातल्या लाकडी पेटीवर बसून मी लिहिलं. दहावं काम माझं नाही, मुरलीधरकाकांचं आहे. जागा काढून घेतली तरी माझं काही म्हणणं नाही. पाठवलं, आणि त्या क्षणी, खरं सांगते, पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला.

उत्तराला बारा दिवस लागले. काका रोज विचारायचे, "आलं का व?" आलं तेव्हा मीच वाचून दाखवलं. बाईंनी लिहिलं होतं, नऊ चित्रं तुमचीच आहेत ना? मग या. आणि काकांना नमस्कार सांगा.

काकांनी तेव्हाच कानस घेऊन पत्र्यावरचं माझं नाव घासून काढलं. मी म्हटलं, आता तुमचं घाला. तर म्हणाले, "माह्याच घरी हाय तो. मले नाव कायले पाह्यजे?"

त्यानंतर आठ दिवसांनी ते गेले.

दुःख आहे. फार आहे. पण मंडळी, मला सुटल्यासारखंही वाटतं, आणि ते म्हणायची लाज वाटत नाही. तो सोमवार मी आणखी तीन आठवडे पुढे ढकलला असता तर? आज याच माइकवर मी त्यांचं कौतुक करत उभी राहिले असते आणि तोंडात खोटं धरून ठेवलं असतं. तसं झालं नाही. ते रागावले, मी ऐकून घेतलं, आणि मग आम्ही एका कपातला चहा अर्धा-अर्धा प्यालो.

आता आपण दोन मिनिटं उभं राहू. त्यानंतर मला लगेच निघू द्या, कोणी थांबवू नका. बाईंकडे जायला वरठी स्टेशनहून माझी गाडी आहे. मी म्हटलं होतं, तेरवी होईपर्यंत राहते. काकूंनीच बॅग उचलून दारात ठेवली.

काका, पाया पडते. येते मी.