खाणीच्या वाटेवरची म्हैस

ऐका. सरकून बसा, दाराकडं पाठ करू नका.

उंबरदऱ्यात यसाबाई राहायची, विधवा सून आणि तीन नातवंडं घेऊन. घरात कमावतं कोण? एक म्हैस! दिवस भरलेली, आज व्यायेल का उद्या. आणि गावच्या चौकीत होता महिपत शिपाई. नवा, ताठ, मिशीला रोज तेल.

एका रात्री वरातीचे फटाके उडाले. म्हैस बिथरली. दावं तोडून डांबरी सडक ओलांडली आणि सुटली गावाबाहेरच्या जुन्या, पाण्यानं भरलेल्या खाणीच्या वाटेला. यसाबाई धापा टाकत चौकीत.

"लेकरा, चल. पण शिट्टी फुंकू नगं, काठी उगारू नगं, मागनं पळू नगं. गप उभं ऱ्हायलं की ती आपसूक येती. मी बी येते."

"घरी बस म्हातारे. अठरा चोर धरलेत मी!"

"चोराच्या पोटात रेडकू नसतं, बाबा!"

ऐकतोय कुठला! गेला एकटाच. खाणीच्या वाटेला लागला आणि फुंकली शिट्टी. फुर्रर्र!

खाणीतून जबाब आला. फुर्रर्र! अगदी तस्साच.

आता सांगा, त्या रानात दुसरा शिपाई कुठला?

ह्यानं बॅटरी मारली. समोर म्हैस! काळीभोर, पाठमोरी. हा पळाला, ती पळाली. हा थांबला, ती थांबली. मग पुढून यसाबाईचा आवाज. "महिपत, धरली रं! ये बिगीनं!" अरे, यसाबाई तर मागं गावात! पण ह्याच्या डोक्यात शिरेल तर शपथ. गेला, लोंबतं दावं उचललं, आणि काय केलं? मनगटाला गुंडाळलं. तीन वेढे! आपल्यातलं शेंबडं पोरही असं करायचं नाही. जनावर उधळलं तर हात काय, जीव जातो.

म्हैस निघाली. ह्याला फरफटत घेऊन निघाली. बॅटरी पडली, उजेड तिच्या पायांवर. खूर उलटे! चारही! आणि हातातलं दावं ओलं, थंडगार. दावं कुठलं, बाईचे केस ते! पुढं खाणीचं काळं पाणी. हा ओढतोय तसे केस आवळतायत.

तेव्हा म्हातारीचं बोलणं आठवलं. काठी टाकली, ओढणं सोडलं. गप उभा. एक वेढा सुटला... दुसरा... तिसरा... आणि ते म्हशीचं सोंग पाण्यात धप्प!

आणि मानेवर गरम श्वास! मेलाच असता बिचारा. पण वास आला शेणाचा. खरी म्हैस! गप माणूस बघून आपसूक आलेली. तिच्या पाठीवर हात ठेवून, तिच्याच चालीनं हा परत आला. डांबरीवर बघतो तर यसाबाई कंदील घेऊन मधोमध उभी, दोन्हीकडच्या मोटारी थांबवून!

"शिपाई तू का मी, रं?"

हा तिच्या पाया पडला.

म्हणून सांगते, अंधार पडल्यावर त्या वाटेला पाय टाकू नका. कुणीही हाक मारो.

पहाटे म्हैस व्याली. पारडी झाली. त्या पारडीच्या पारड्या झाल्या, गोठा भरला, आणि यसाबाईच्या दारी ताकाला आलेलं माणूस रितं गाडगं घेऊन कधी परतलं नाही.