दोन अंगठ्यांचा हातमोजा

लेसो बेटाच्या धक्क्यावर सिग्ने बोटीची वाट पाहत होती. मागच्या बाकावर म्हातारी थीरा आणि समुद्रगवत गोळा करणारा आस्गर बोलत होते.

"थीरा, वादळानं किनाऱ्यावर टाकलेल्या गवतात हा सापडला बघ. दोन अंगठे असलेला हातमोजा."

"माझ्याच हातची वीण आहे रे, एक बाजू झिजली की उलटून घालता यावा म्हणून दोन अंगठे. माझा एस्बेन बुडाला तेव्हा हेच घालून गेला होता. जोडीतला दुसरा कुठाय?"

"राहिला असेल गवतात. ते वाळवून गठ्ठे बांधले, भिंतीत भरायला गेले. ऊब धरतं ना."

"कुणाच्या भिंतीत?"

"त्या नव्या निळ्या घराच्या."

"मग त्यांना सांगून ठेव. एस्बेन मोजा शोधत येईल, टकटक करेल."

"टकटक कशी?"

"दोनदा पटपट, मग जरा थांबून एकदा. स्वतःच्या घरातसुद्धा 'ये रे आत' म्हटल्याशिवाय पाऊल टाकायचा नाही, वेडा. पायाला वाळू असायची ना!"

"आणि कुणी म्हटलंच नाही तर?"

"तर उभा राहील बिचारा."

निळं घर सिग्नेचं होतं. काल दुपारी भिंतीतून अगदी तशीच टकटक आली, तेव्हा उंदीर समजून ती हसत म्हणाली होती, "या, आत या!"

आज सकाळी निघताना तिनं फरशीवरची वाळू झाडली होती.