अजून खालच्याच लीगमध्ये?

अरे, आता आठवलं तरी तळपायाची आग मस्तकात जाते! इथे अमेरिकेत, अल्फारेटाच्या पॉटलकला, म्हणजे घरोघरून एकेक पदार्थ आणून केलेल्या जेवणाला, बर्वेकाका भेटले, रिटायर्ड हार्ट सर्जन. माझा निखिल आइस हॉकी खेळतो, मायनर, म्हणजे खालच्या लीगमध्ये. कोच म्हणतो, घाई नको, वरच्या टीममध्ये जाण्याआधी अजून दोन वर्षं इथेच तयार होऊ दे. काका सगळ्यांदेखत म्हणाले, "अजून खालीच? म्हणजे नापासच की!"

निखिल हळूच म्हणाला, "इट्स ओके, आई." ओके डोंबलाचं!

मी विचारलं, "काका, एकट्यानं पहिलं ऑपरेशन करण्याआधी तुम्ही किती वर्षं मोठ्या सर्जनच्या हाताखाली काढलीत?"

उत्तर काकूंनी दिलं, "सात! आणि तेव्हा ह्यांना कुणी नापास म्हटलं असतं ना, तर मी त्याच्या तंगड्या तोडल्या असत्या."