दोन काकू, दोन फायली

घानातल्या कुमासी शहरात, एका छापखान्यात अराबा लग्नपत्रिकांसाठी रांगेत उभी होती आणि ऐका ना, नेमकी वीज गेली! काउंटरवर दुफी संगणकावर पुस्तकाची पानं लावत होती. तिच्या समोर बसलेले म्हातारेबुवा ताडकन उठले.

"दुफी! माझ्या भावाचं श्रद्धांजलीचं अख्खं पुस्तक गेलं! शनिवारी अंत्यविधी, लोकांच्या हातात काय देऊ?"

"काही गेलं नाही, काका. बसा."

"साठ पानं होती गं!"

"साठ पानं मी एका फाइलीत ठेवतच नाही. थोरल्या काकूंची श्रद्धांजली वेगळ्या फाइलीत, धाकट्या काकूंची वेगळ्या, चर्चची वेगळ्या. आत्ता फक्त नातवंडांची उघडी होती, तीही नुकतीच सेव्ह केलेली. आणि सगळ्याची प्रत या पेन ड्राइव्हवर."

"गळ्यात घालून फिरतेस? ताईत आहे का?"

"ताईतच समजा."

"आणि धाकटी म्हणाली, माझं आधी छापा, तर?"

"तिची फाइल वर सरकवायची. पानांचे आकडे आपोआप बदलतात."

"मग थोरली चिडणार!"

"मग परत खाली."

"अगं, पण पुस्तक एक कधी होणार?"

"सगळ्यांचा होकार आला की. छापायच्या आधी एकदाच जोडते. तोवर एकीचं बिघडलं तरी दुसरीला धक्का नाही."

म्हातारेबुवा सावकाश खाली बसले.

"पोरी, माझ्या भावाला तू आधी भेटायला हवी होतीस. त्यानं दोघी बायकांना एकाच घरात ठेवलं. रोज दिवे जायचे बिचाऱ्याचे!"