दुसरं तिकीट

ताई : बॅग तिथं नको टेकवू. बाबा काठी घेऊन तिथूनच वळतात.

धाकटा : बरं बाई. काय कोंदट घर आहे तुमचं. आणि बिल्डिंगला तो रंग काय फासलाय? रस्त्याच्या बाजूनं चकाचक, जिन्यात नुसते पोपडे.

ताई : स्टेडियमकडे जाणाऱ्या पाहुण्यांना दिसतं तेवढंच रंगवलंय. तुझ्यासारखंच.

धाकटा : आल्या आल्या सुरू झालीस.

ताई : मग काय, पायघड्या घालू? बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तुला रजा नव्हती. आई गेली तेव्हा फोनवर रडून मोकळा झालास. आता फुटबॉल आला, तर घर बरं सापडलं.

धाकटा : म्हणजे हॉटेलं भरली म्हणून आलो, असं म्हणायचंय तुला?

ताई : नाही का?

धाकटा : भरली होती. त्यात माझा काय दोष?

ताई : दोन तिकिटं आहेत म्हणालास फोनवर. दुसरं कोणाचं?

धाकटा : आमच्या साहेबांचं. ते परस्पर गेटवर येतायत. बढतीचं चाललंय माझं, जरा समजून घे.

ताई : मला वाटलंच होतं. बाबांना नाही वाटलं.

धाकटा : म्हणजे?

ताई : फोन स्पीकरवर होता. दोन तिकिटं म्हणालास आणि ते उठूनच बसले. सकाळी माझ्याकडून दाढी करून घेतली. आत बूट घालून बसलेत.

धाकटा : अगं, त्यांना जिने उतरवणार कोण? आणि त्यांना काय, घरबसल्या मजा. टीव्हीवर गोल दिसायच्या आधी स्टेडियमचा गलका खिडकीतून येतो, तूच सांगत होतीस.

ताई : येतो ना. मग ते मला सांगतात, गोल झाला, आता बघ. तेवढीच चैन उरलीय त्यांना. ती त्यांच्याच तोंडावर फेक आता. जा, सांग आत जाऊन.

धाकटा : परत आल्यावर निवांत बोलतो मी.

ताई : शाळेच्या संघात गोलात उभा राहायचास. चेंडू आला की डोळे मिटायचास. बाबा कडेनं ओरडून दमायचे, डोळे उघड म्हणून. अजून मिटलेलेच आहेत.

बाबा : (आतल्या दारात, काठीवर रेलून) त्याला उशीर होतोय. जाऊ दे.

धाकटा : बाबा, तसं नाही हो. पुढच्या सामन्याला नक्की नेतो.

बाबा : साहेब ताटकळतील. आणि ती बॅग ने बरोबर. आम्ही कडी लवकर घालतो.

धाकटा : अहो, पण मी झोपू कुठे?

बाबा : साहेबांना विचार.

ताई : जिन्यात भिंतीला टेकू नकोस. कपड्यांना पोपडे लागतील, साहेबांपुढे बरं दिसणार नाही.

धाकटा : येतो.

ताई : गेला. बसा बाबा, टीव्ही लावते.

बाबा : आधी बूट काढ. मला वाकवत नाही.

ताई : काढते.

बाबा : आणि खिडकी लाव.

ताई : खिडकी लावली तर गोल आधी कसा कळेल तुम्हाला?

बाबा : नको कळायला. आज त्या गलक्यात तोही ओरडत असेल.