ऊन पाण्याला कुलूप

मंडळी, ऐका! झांजा जरा खाली ठेवा, आधी एक प्रश्न! वस्तू कुणाची? जो ती राखतो त्याची, की जो ती अंगाला लावतो त्याची? बोला की! ...मागचे काका म्हणतात, ज्याच्या नावावर पावती त्याची! वा! काका, जरा पुढे सरका. आजचं आख्यान तुमच्यासाठीच आहे.

तर एक गाव होतं. गाव लहान, नगरपरिषद मोठी! नाव सांगत नाही, तिथली दोन माणसं पहिल्या रांगेत बसलीयत. त्या गावात त्र्यंबकराव राहायचे. माणूस सज्जन! कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. एकच खोड — सवलत दिसली की राहवायचं नाही. दोन चपलांवर तिसरी चप्पल फुकट म्हटलं, तर तीसुद्धा घेऊन येतील!

एके दिवशी नगरपरिषदेची रिक्षा भोंगा वाजवत आली. "जो घरावर सौर बंब बसवील, उन्हावर पाणी तापवील, त्याला घरपट्टीत सवलत! साहेब घरी येऊन बघतील, बंब चालू दिसला की शिक्का!"

झालं! त्र्यंबकराव जेवणावरून उठले. महिन्याभरात गच्चीवर चकचकीत टाकी! आणि घरातला तांब्याचा जुना बंब? मोडीत! बायको, मथुराबाई, तिला काय आनंद! उभा जन्म त्या बंबात ढलप्या घालण्यात आणि धुरानं खोकण्यात गेलेला. ती बादली घेऊन नळाशी गेली. पाणी कसं? कढत! आता बादली भरणार — एवढ्यात मागून आवाज, "हां हां! हात लावू नकोस!"

"का हो?"

"साहेबांनी अजून पाहिलेलं नाही!"

ऐकलंत? देवाला दाखवल्याशिवाय आपण नैवेद्याला हात लावत नाही ना? तसं! साहेबांना दाखवल्याशिवाय ऊन पाण्याला हात नाही! न जाणो, आपण आंघोळी करायच्या आणि नेमके साहेब यायचे, नळ सोडायचे, पाणी गार! सवलत गेली! मग? नळाला साखळी, साखळीला कुलूप, आणि किल्ली कुठे? जानव्याला!

मथुराबाई म्हणाली, "बरं, गॅसवर पातेलं ठेवते."

"खुळी का काय! साहेबांना पातेलं दिसलं तर म्हणतील, बंब चालत नाही!"

पेटीवाले, हसू नका, तुमच्या घरी पाहुण्यांचा डिनर सेट कधी निघालाय?

साहेब म्हणायचे, येतो येतो. सगळं घर गार पाण्यानं आंघोळ करतंय. वर दोनशे लिटर पाणी तापतंय, निवतंय, पुन्हा तापतंय! त्र्यंबकराव स्वतः शिंकतायत — आक्छी! — आणि म्हणतायत, "आपलं पाणी सवलतीचं आहे बरं!"

आणि आली दिवाळी! साधी नव्हे, दिवाळसण! एकुलती एक लेक सुलभा, लग्नानंतरची पहिली दिवाळी, सोबत जावई श्रीरंगराव. जावई कुठले? अलिबागचे! समुद्रकाठचा माणूस, थंडी फक्त पेपरात वाचलेली.

मथुराबाई हात जोडून म्हणाली, "अहो, लेकीचा पहिला सण. जावयाला गार पाण्यानं अभ्यंग घालायचं? विहीणबाई काय म्हणतील? पोरीनं सासरी मान वर कशी करायची?"

"गार पाण्यानं तेज वाढतं," त्र्यंबकराव म्हणाले. आक्छी!

नरक चतुर्दशीची पहाट. बाहेर कडाका! जावईबापू पाटावर उघडे बसलेत, तेल लागलं, उटणं लागलं, लेकीनं ओवाळलं. त्र्यंबकरावांनी तांब्या भरला आणि ओतला — भस्स!

जावई संस्कारी हो! ओरडला नाही. "छा... छा... छान आहे, मामा," एवढंच म्हणाला. पण दात असे वाजायला लागले, की आमच्या मृदंगबुवांनी ठेका धरावा! लेकीच्या डोळ्यांत टचकन पाणी. त्या घरात तेवढंच काय ते गरम पाणी!

ते मथुराबाईनं पाहिलं. मंडळी, आजचा दिवस कुणाचा? नरकासुराच्या वधाचा! त्यानं सोळा हजार जणी कोंडल्या होत्या, आमच्या त्र्यंबकरावांनी दोनशे लिटर कोंडलेलं! बाई उठली. पदर खोचला. पाट्यावरचा वरवंटा उचलला. आणि — खाड! कुलूप दोन तुकडे!

कालच्या उन्हात तापलेलं पाणी, वाफच वाफ! तिनं पहिली बादली भरली, वर झाकण घातलं, कोपऱ्यात सरकवली. का? ध्यानात ठेवा. दुसरी बादली जावयाला. तो "आहाहा!" म्हणाला, आणि लेक हसली. मग लेक, मग स्वतः मथुराबाई, मग शेजारच्या काकू, काकूंच्या नणंदा! त्र्यंबकराव? अंगाला तेल चोपडून, पंचा नेसून, टाकी रिकामी होतानाचा आवाज ऐकत उभे. जणू कुणी त्यांचंच रक्त काढतंय!

टाकी संपली. आणि दारात फटफटी थांबली. "आहेत का त्र्यंबकराव? घोडके, नगरपरिषदेतून! म्हटलं, सुट्टीला जाण्याआधी पाहणी उरकावी."

साहेबांनी नळ सोडला. दोन थेंब. गार!

"साहेब, आत्तापर्यंत कढत होतं हो!" त्र्यंबकराव रडकुंडीला आले. "या लोकांनी आंघोळी केल्या!"

साहेबांनी न्हाणीघर पाहिलं. ओली फरशी, उटण्याचा चिखल, दोरीवर टपटपणारे सात पंचे, लाल झालेले जावई. साहेब हसले. "अहो, गावभर फिरलो. नुसत्या टाक्या चमकतायत, न्हाणीघरं कोरडी! सवलत टाकीला नसते हो, वापराला असते. वापरणारं घर हे पहिलंच!" आणि शिक्का — ठप्प!

जाता जाता म्हणाले, "पण तुमची आंघोळ राहिली की!"

त्र्यंबकरावांनी वर पाहिलं. सूर्य आलेला! आज उजाडेपर्यंत न्हाला नाही तो कुठे जातो? ...पहिल्या रांगेला बरोबर ठाऊक आहे! तेवढ्यात मथुराबाईनं कोपऱ्यातली बादली पुढे केली. झाकण काढलं. वाफ!

"पहिली तुमचीच भरली होती," ती म्हणाली.

मंडळी, ज्यानं तिला महिनाभर गार पाण्यात ठेवलं, त्याच्यासाठी तिनं पहिली बादली काढली! माझं तर काळीज हललं. त्र्यंबकरावांचंही हललं. डोळे भरले, बादली उचलली — आणि पळत सुटले! तसेच, पंच्यावर! "साहेब! ओ साहेब! हे बघा, गरम आहे! बोट घाला, बोट!"

साहेब कधीच गेलेले. म्हणून मग वाण्याला दाखवलं. शिंप्याला दाखवलं. "माझ्या बंबाचं! घाला बोट!" अख्ख्या आळीची बोटं घालून झाली, मग परत आले, पाटावर बसले, बादली डोक्यावर उपडी केली — आणि काय किंकाळी! अलिबागला ऐकू गेली म्हणतात! गार! ठार गार!

हसलात? हसा! आता मी विचारतो. तुझ्या गळ्यात माळ आहे, ती जपायला की दाखवायला? त्यानं तुला डोळे दिले, हात दिले, घरात जीव लावणारं माणूस दिलं. प्रत्येकासाठी पहिली बादली भरून झाकून ठेवलीय रे त्यानं! आणि आपण काय करतोय? गल्लीभर लोकांची बोटं बुडवत हिंडतोय!

घरी जा. झाकण काढा. निवायच्या आत अंगावर घ्या! आणि काका, पावती राहू द्या खिशात. हात वर करा, आणि ज्यानं ऊन फुकट दिलं, वर सवलतही मागू दिली, त्या सूर्यनारायणाचा एकदा गरमागरम जयजयकार करा!