घोडा अडवणारा दात

मी सांगतो तसं लिही. मी दुसरीत शाळा सोडली, तू चौथी शिकून लग्न होऊन आलीस, तुझं अक्षर लागतं. लिहिलंस की कुणाला दाखवू नको.

आम्ही चोपड्याकडचे लोहार, तापीकाठचे, बाप विळे-कोयते करायचा. तापी तिकडून वाहत सुरतेला येते, मीही तसाच आलो, आधी पांडेसऱ्यात कपडा रंगवायच्या कारखान्यात, तिथल्या वाफेनं छाती भरली, मग बंदूक दुरुस्तीच्या दुकानात शेठनं माझा हात बघितला आणि ठेवून घेतलं. परवान्याच्या बंदुका, हजीरा रोडच्या कंपन्यांच्या पहारेकऱ्यांच्या. बापाच्या कानशी मी गावाहून आणल्या होत्या, बारीक काम मी त्यांनीच करायचो, दुकानातल्या कानशी जाड.

फौजी तुला माहीतच आहे. बीडकडचा, अठरा वर्षं पलटणीत, मग इच्छापोरला कारखान्याच्या गेटवर. बंदूक स्वतःची, पुढची मूठ मागे-पुढे ओढून काडतूस भरायची. सुरतेत प्लेग आला त्याच्या पुढच्या वर्षी खंडेनवमीला आला, बंदूक पुढे करून म्हणाला, मिस्तरी, म्हातारी खोकायला लागली, नाडी बघा. मी म्हटलं, म्हातारीची की तुमची? हसला, आणि चहाला गेला.

मी रिकामी बंदूक घेऊन मूठ हळू ओढली, काही नाही. मग पहारेकरी ओढतो तशी जोरात ओढली, तर टक् करून काडतूस फोडणारा घोडा आपोआप पडला, चापाला बोट लावलं नव्हतं. दहादा ओढली, तीनदा पडला. उघडून भिंगातून बघितलं. घोडा अडवून धरणारा छोटा दात असतो, त्याची कड धारदार पाहिजे, ती चोखलेल्या बत्ताशासारखी गोल झाली होती. आत काडतूस असतं तर बार आपोआप उडाला असता. माप कागदावर उतरवून घेतलं, नवा दात घडवायला दोन तासांचं काम. पण कानशी घरी, तुझ्या पूजेत.

धावत घरी आलो. पाटावर कानशी मांडलेल्या, हळदकुंकू, झेंडूचं फूल. शेठची गुजराती पूजा दसऱ्याला, आपली नवमीला, एका दिवसाचा फरक. मी हात पुढे केला, तू म्हणालीस, नको, पूजेतलं हत्यार उद्या दसऱ्यालाच उठवायचं. एवढंच म्हणालीस. पण मागच्या सालात आपलं पोटातलं गेलं होतं, आणि तू भिंतीकडे तोंड करून उभी होतीस. मी हात मागे घेतला. हेही लिही. तुझ्यावर घालत नाही, हात माझा होता, उचलायला काय लागलं असतं.

दुकानात आलो तर फौजी वाट बघत बसलेला. मी म्हटलं, बंदूक ठेवून जा. तो म्हणाला, उद्या गेटवर शस्त्रपूजा, साहेब येणार, बंदुकीशिवाय मी कोण, गेटवरचं बुजगावणं? मग मी म्हटलं, बरं, दात थोडा झिजलाय, परवा आणा. थोडा म्हणालो, बघ. आपोआप सुटेल म्हटलं असतं तर तो म्हणाला असता, मग आत्ताच करा, आणि मी काय सांगणार होतो, कानशी पाटावर आहेत म्हणून? काडतूस भरू नका, एवढंही तोंडातून निघालं नाही.

दसऱ्याला पूजा झाली, साहेब म्हणाला, एक बार होऊ दे आकाशात. फौजीनं काडतूस घालून ऐटीत मूठ ओढली, नळी अजून खालीच होती, बार सुटला तो पायात. डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. त्याच संध्याकाळी मी पूजा उठवून कागदावरच्या मापानं नवा दात घडवून ठेवला होता, मग निरोप आला. पोलिसांना त्यानं स्वतःच सांगितलं, माझं बोट चुकलं. बंदूक चौकीत जमा झाली, कुणी उघडूनसुद्धा बघितली नाही. मी पुढे ते काम सोडलं, आता स्टो दुरुस्त करतो.

दर दसऱ्याला तो कुबडी घेऊन आपला जिना चढतो. कालही आला, आपट्याची पानं हातात दिली, तुला म्हणाला, वहिनी, साखर जास्त टाका, आता पळायचं थोडंच आहे. मग माझ्याकडे बघून दरवर्षीचं विचारलं. मिस्तरी, अठरा वर्षांत माझं बोट कधी आधी चापावर गेलं नाही, त्याच दिवशी कसं गेलं हो?

पाय गेल्याचं तो बोलतच नाही. बोटाचंच बोलतो. एक शब्द सांगितला असता तर त्याला त्याचं बोट परत मिळालं असतं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात तू मध्येच कप पुढे केलास, बशीत चहा सांडला. मी तुझ्याकडे बघितलं, आणि म्हटलं, वय झालं भाऊ, होतं असं.

त्यानं मान हलवली. सोन्यासारखे राहा दोघं, म्हणाला, आणि जिना उतरला, एकेक पायरी, कुबडी आधी, मग पाय.

तो दात तंबाखूच्या डबीत आहे, अजून चकचकीत. हा कागद घडी करून त्याच्याजवळ ठेव.